लाल रेघ, पिवळी रेघ

टेप ताणली की मधोमध वाऱ्यानं फडफडते. तिचं एक टोक माझ्या हातात आहे, भिंतीच्या कोपऱ्याशी टेकवलेलं. दुसरं टोक घेऊन इंजिनीअरचा पोरगा अप्पांच्या मोटारीला वळसा घालून शेजाऱ्याच्या भिंतीकडं सरकतोय. मोटार पांढरी, जुनी, हैदराबादेत घेतलेली. पाटीवर अजून ‘टीएस’च आहे. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर लिंबोळ्यांचा सडा आणि कावळ्यांची मेहेरबानी.

“किती रे?”

“बारा फूट एक इंच.”

“इंच सोड. बारा लिही.”

ओट्यावर बसलेले अप्पा तंबाखू मळता मळता थांबतात. “बारा कसे? तेरा हायेत. बाबा तेरा मनायचे.”

“बाबांची टेप सैल आसंल,” इंजिनीअर म्हणतो आणि पोरानं बारा लिहिलंय ना, ते वाकून बघतो.

देगलूरच्या जुन्या गावातली ही गल्ली. मे संपत आलाय. साडेआठलाच ऊन असं चढलंय की अंगणाच्या मागच्या कोठ्याचे पत्रे तडतडतायत. कोठ्यात आता ना बैल ना कडबा. सोयाबीनची रिकामी पोती, फवारणीचा पंप, मोडका कूलर, पाळण्याच्या दांड्या असला ऐवज आत आहे; वर पत्रे, आणि वादळात ते उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागचा अजून माळवदाचा. या सगळ्याच्या कडेनं रस्त्यापासून थेट कोठ्यापर्यंत ही बारा फुटांची पट्टी जाते. अप्पांना तिच्यात गाडीसाठी शटरवालं गॅरेज हवंय आणि गॅरेजच्या पाठीला पोती-खतासाठी शेड. तेही मृगाच्या आत. म्हणजे सात-आठ जूनच्या. वेल्डिंगवाल्याला माप देऊन झालंय, त्यानं अँगल कापायला घेतलेत.

गल्लीतून जाणारा प्रत्येक जण टेप बघून थांबतो.

“काय करलालाव अप्पा?”

“गाडीला शेड.”

“मग हे इंजिनीअर कामून?”

“परवानगी काढलालो.”

यावर समोरचा आधी अप्पांकडं बघतो, मग माझ्याकडं. माणूस बरा आहे ना, असं विचारणारी ती नजर. पलीकडचे गुरुजी तर पायरीवर बसूनच घेतात. चार अँगल, आठ पत्रे, एक शटर. याला कसली परवानगी? गावात निम्म्या घरांपुढं पत्रे आहेत, कुणी विचारलं? आणि विचारलंच तर घरपट्टीत लावून घ्यायचं. पत्र्याची पट्टी भरली की झालं पक्कं.

“होत नाही गुरुजी,” इंजिनीअर टेप गुंडाळायला सांगत म्हणतो. “पट्टी भरली मनून बांधकाम कायदेशीर होत नाही. कित्येक ठिकाणी पावतीवरच छापलेलं असतंय बारीक अक्षरात. आपण रक्कम बघतो, अक्षर बघत नाही.”

गुरुजींनी आयुष्यभर पोरांना अक्षर बघायला शिकवलंय, त्यामुळं हा टोला त्यांना बरोबर बसतो. ते दुसरी वाट काढतात. “मग पावसाळी शेड मनून घाला.”

“घालता येतंय. पण ते तात्पुरतं. पाऊस गेला की उतरवायचं. शटर लावून पावसाळी शेड कुठं असतंय का?”

मला हा वाद ऐकायला मजा येते, कारण दोघंही आपापल्या परीनं खरं बोलतायत. महाराष्ट्रात बांधकामाचा मूळ कायदा १९६६ चा, प्रादेशिक नियोजन आणि नगररचनेचा. त्याच्या लेखी ‘विकास’ म्हणजे टॉवरच नव्हे. जमिनीवर काहीही उभारणं म्हणजे विकास. त्यासाठी कलम ४४ खाली अर्ज. न विचारता उभारलं तर कलम ५३ ची नोटीस येऊ शकते, आणि कलम ५२ मध्ये एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन ते पाच हजारांचा दंड लिहून ठेवलाय. पत्र्याच्या शेडसाठी तुरुंगात गेलेला माणूस गुरुजींनी पाहिलेला नाही, मीही नाही. म्हणून कायदा एका बाजूला राहतो, गल्ली दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची गाठ पडते ती तीनच वेळा: शेजारी भांडला की, घर विकायला काढलं की, नाहीतर बँकेत गेलं की.

अप्पांची गाठ बँकेशी आहे. हैदराबादेत नोकरीला असलेल्या पोराला वरचा मजला चढवायचाय, त्यासाठी कर्ज हवंय, आणि बँक मंजूर नकाशा मागते. नकाशात नसलेलं काही जागेवर दिसलं की मूल्यांकन करणारा माणूस शेरा मारतो. पोरानं फोनवर निक्षून सांगितलंय: “पप्पा, एक पत्रासुद्धा परवानगीशिवाय लावायचा नाही.” अप्पा हे वाक्य आज सकाळपासून गल्लीला ऐकवतायत, थोडं कौतुकानं, थोडं कुरकुरत.

इंजिनीअर आता पट्टीच्या उत्तरेकडच्या कडेनं चालतोय. शेजाऱ्याच्या भिंतीलगत शहाबादी फरश्यांची एक ओळ आहे. तो एका फरशीवर टाच आपटतो. पोकळ वाजतं.

“याच्याखाली काय अप्पा?”

“काही नाही. जुनी मोरी होती. बाबांनी झाकली.”

“वाहती का?”

अप्पा उत्तर देत नाहीत. पोरगा पहार घालून फरशी उचलतो. खाली पाणी वाहतंय, शेजारच्या दोन घरांचं, खरकट्याच्या वासासकट. गुरुजी पायरीवरून उठून बघायला येतात.

“मोरी कुणाची?”

“आमचीच. आमच्या अंगणात हाय मनल्यावर आमचीच की.”

“कागद?”



कागद म्हणजे नमुना नंबर ४३, नगरपरिषदेच्या मालमत्ता नोंदवहीचा उतारा. खेड्यात जसा नमुना ८, तसा नगरपरिषदेच्या गावात हा. अप्पांच्या उताऱ्यावर घर आहे, क्षेत्र आहे, कर आहे. चारी बाजूंना नक्की काय आहे, ते नाही. आणि मालकाच्या रकान्यात अप्पांच्या वडिलांचं नाव. ते जाऊन बरीच वर्षं झाली. घरपट्टी अप्पा दरसाल न चुकता भरतात, पावती वडिलांच्या नावानं येते, आणि यात काही खटकण्यासारखं आहे असं आजवर कुणालाच वाटलेलं नाही.

नावाचा प्रश्न इंजिनीअर जरा बाजूला ठेवतो. आधी मोरी. तिचा पत्ता फक्त आजोबांच्या खरेदीखतात लागेल. ते खत एका पत्र्याच्या डब्यात, कापडात गुंडाळलेलं निघतं. निजामाचा स्टॅम्प, तारीख फसली १३५२ ची, म्हणजे आपल्या हिशेबानं १९४२-४३. लिपी उर्दू. घरात ती वाचणारं कुणी नाही. देगलूर हैदराबाद संस्थानात होतं, १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. राज्यं तीनदा बदलली आणि डब्यातला कागद आहे तिथंच राहिला.

उर्दू वाचायला आम्ही वेल्डिंगवाल्याकडंच जातो. त्याचे अब्बा दुकानाच्या मागच्या खोलीत बसलेले असतात. दुकानात कटिंग मशीनच्या ठिणग्या उडतायत. अप्पांचे अँगल खरंच कापून भिंतीला लावून ठेवलेत. पोरगा मशीन बंद करतो, हात पुसतो. “अब्बा, काका का कागद है, पढ के देव.”

अब्बा चष्मा बदलतात. कागद उजेडाकडं तिरका धरतात. घसटून लिहिलेली शिकस्त आहे, ते म्हणतात, लिहिणारा मुन्शी घाईत होता. मग बोट ठेवत ठेवत चतुःसीमा वाचतात. मश्रिक म्हणजे पूर्वेला रस्ता सरकारी. मगरिबला अमक्याचं घर. जुनूबला, दक्षिणेला, तमक्याची भिंत. शुमालवर बोट थांबतं.

“मोरी मुश्तरका.”

“मनजे?”

“सबकी मोरी, साब. एक गज चौडी. वो बेचे नहीं तुमारे दादा कू. छोड के बेचे.”

एक गज, तीन फूट. बारा वजा तीन, नऊ. दुकानात काही क्षण कुणी बोलत नाही. आधी हिशेब होतो तो वेल्डिंगवाल्याचा: “काका, मैं तो अँगल काट दिया ना.”

पोरगा अब्बांना चहा हवा का म्हणून विचारतो, ते नको म्हणतात, आम्हाला मात्र पाजतात. निघताना ते कागद कापडात पुन्हा नीट गुंडाळून देतात आणि बजावतात की घडीवर घडी घालू नका, तिथंच फाटतो. सगळ्या मराठवाड्यात असे डबे आहेत. त्यांतले कागद वाचू शकणारी माणसं वर्षागणिक कमी होतायत, आणि मोजणीचं यंत्र उपग्रहावरून सेंटिमीटरपर्यंत सांगेल, पण ती मोरी कुणाची होती, ते सांगणार नाही.



इंजिनीअरचं ऑफिस बसस्टँडकडच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आहे. कूलरचा आवाज इतका की बोलताना ओरडावं लागतं. पडद्यावर अप्पांचं घर रेघांमध्ये उतरलंय. पंचेचाळीस बाय पन्नास, सव्वादोन हजार चौरस फूट, २०९ चौरस मीटर. अप्पा आपलं घर वरून पहिल्यांदाच बघतायत. देवघर कुठं, तुळस कुठं, विचारून घेतात.

“हे लाल मनजे नवीन,” इंजिनीअर दाखवतो. “हे पिवळे पट्टे मनजे पाडायचं.”

“पिवळं तर कोठ्यावर हाय.”

“हाव.”

“कोठा पाडायचा?”

“निम्मा मोरीवर हाय अप्पा. निम्मा कोणत्याच कागदावर नाही. नवीन नकाशात दाखवावाच लागतंय. दाखवला तर परवानगी कुठं विचारतील, लपवला तर बँकवाला विचारंल.”

अप्पा गप्प होतात. रंगांची ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. भाषणात, जाहिरातीत नवीन काय होणार तेवढंच सांगतात. नकाशात मात्र होणाऱ्याच्या शेजारीच जाणाऱ्याला रंग द्यावा लागतो.

इंजिनीअर गॅरेज पट्टीत बसवून बघतो. एका मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटरला किंचित कमी. बसतंय. पण गॅरेजला भिंतींची जाडी असते, आणि मोटारीला दारं. “गाडी जाईल आत,” तो म्हणतो, “पण तुम्ही उतरणार कसे?”

“डाव्या दारानं.”

“स्टेअरिंग उजवीकडं हाय.”

शेवटी एका बाजूची भिंत कमी होते. घराचीच भिंत गॅरेजची भिंत. मोरीच्या बाजूला नुसते खांब आणि जाळी. जोतं भोवतीच्या जमिनीपेक्षा थोडं उंच, पाणी आत येऊ नये म्हणून. रस्त्याच्या बाजूनं थोडं मागं, म्हणजे शटर उघडताना गाडीचं बूड रस्त्यावर राहणार नाही. अप्पांचं घर गावठाणात आहे म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेचे नियम सैल पडतायत. हेच नवीन ले-आऊटमध्ये असतं तर त्या पट्टीत एवढं खुपसता आलं नसतं. काम लहान आणि स्वतःच्या राहत्या घराचं, त्यामुळं बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकरही नाही. विकास शुल्क लागेल, ते रेडीरेकनरमधल्या जमिनीच्या दरावर निघेल. हे सगळं इंजिनीअर एका दमात सांगतो. रोज कुणाला ना कुणाला सांगावंच लागतं.

बाकावर बसलेला एक जण एवढा वेळ ऐकतोय. बोधनचा आहे, सासुरवाडी इकडची; सासऱ्यांच्या कामासाठी आलाय. तो मध्ये तोंड घालतो. “आमच्याकडं एक रुपयात होतंय, साहेब.”

खोलीतले सगळे त्याच्याकडं वळतात. सीमेवरच्या गावात हे वाक्य सारखं ऐकू येतं. तिकडं वीज फुकट, तिकडं बस फुकट, तिकडं एकराला पैसे. खरं म्हणजे तो खोटं बोलत नाही. तेलंगणानं नोव्हेंबर २०२० मध्ये नवी ऑनलाईन पद्धत आणली. शहरात ७५ गजांपर्यंतच्या जागेवर लहान घर बांधायला परवानगी नको, एक रुपया भरून नोंदणी केली की झालं. ६०० गजांपर्यंत मालकानं स्वतः प्रमाणित केलं की परवानगी लगेच. पण खोटं लिहिलं तर पाडायला नोटीस लागत नाही.

“अप्पांची जागा किती गज?” इंजिनीअर त्यालाच विचारतो.

तो मनात भागतो. “अडीचशे.”

“मग एक रुपयात तिकडंही होत नाही. आणि आमच्याकडं काही वाईट नाही बरं का.”

तेही खरं. तेलंगणानंतर महिन्याच्या आतच, डिसेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्राची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर सगळ्या राज्याला एकच. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घरमालकानं मालकीचा पुरावा, नकाशा आणि शुल्क दिलं की त्याची पावती हीच परवानगी. दीडशे ते तीनशेपर्यंत परवानाधारक अभियंत्यानं प्रमाणित केलेला नकाशा, आणि दहा दिवसांत परवानगी. अप्पा या दुसऱ्या खणात पडतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दोनशे चौरस फुटांपर्यंतच्या सुट्या एकमजली शेडला बांधकाम परवाना लागत नाही, हद्दीपासूनचं अंतर मात्र पाळावं लागतं. अप्पांचं गॅरेज जेमतेम एकशे पस्तीस फुटांचं. टेक्सासात असते आणि घरापासून सुटं बांधलं असतं, तर कदाचित सुटले असते. पण मोरी तिथंही आडवी आली असती.

“मग दहा दिवसांत देता ना?” अप्पा टेबलावर पुढं झुकतात. “मृगाच्या आत बसतंय.”

“दहा दिवस मोजायला लागतात ते अर्ज पुरा झाल्यावर. मालकीचा पुरावा कुठाय?”

“दिला की तुम्हाला ४३.”

“त्यावर बाबांचं नाव हाय. बाबा सही करणार का?”

इथं सगळं येऊन थांबतं. नियमावली कितीही सुटसुटीत झाली, शुल्क ऑनलाईन झालं, नकाशा सॉफ्टवेअर तपासू लागलं, तरी पहिला रकाना अर्जदाराचं नाव विचारतो. आणि आपल्याकडं घरं बापाच्या नावावर असतात, बाप जाऊन दहा-पंधरा वर्षं झाली तरी. वाटण्या तोंडी झालेल्या. कुणी कुठली खोली वापरायची, कुणाचा कोठा, कुणाचं परस, हे सगळ्यांना पाठ असतं आणि कुठंच लिहिलेलं नसतं. शेडसाठी अर्ज करायला गेलं की ऑफिस शेडचं काही विचारतच नाही. अंगण कुणाचं, ते विचारतं.

“वारस किती?”

“मी. धाकटा भाऊ, तो नांदेडला. आणि दोन बहिणी.”

“आई?”

“गेली.”

“बहिणी कुठं?”

“एक मदनूरला दिली, एक औरादला.”

मदनूर तेलंगणात, औराद कर्नाटकात. दोन्ही गावं देगलूरहून हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी. सोयरीक करताना राज्य कुणी बघत नाही. इंजिनीअर मान डोलावतो. त्याच्या टेबलावरच्या निम्म्या फाइलींची हीच कथा असावी. दोन वाटा आहेत, तो सांगतो. एक, सगळ्यांची वारस नोंद लावून घ्यायची: मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, जाहीर प्रगटन, हरकतीची मुदत, मग सगळे मिळून अर्जदार. दुसरी, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र घेऊन बघायचं, चालतंय का ते. अप्पा दुसरी वाट पकडतात. भाऊ तयार आहे. बहिणी काय, बोलावलं की येतील.

खालच्या अर्जनवीसाकडं मजकूर टाइप होतो. शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झालाय; अप्पा त्यावरही थोडं बोलून घेतात.



मदनूरची अक्का दुपारच्या बसनं येते. सीमेपर्यंत तिला तिकीट नाही, तेलंगणाच्या बायकांना २०२३ च्या डिसेंबरपासून तिकडच्या साध्या बसमध्ये प्रवास फुकट आहे. सीमेपासून देगलूरपर्यंतचे पैसे तिनं मोजून दिलेत आणि ते किती, हे ती जिना चढता चढताच सांगते. साठीची बाई, नाकात जुनी मोठी मोरणी, खांद्याला जड पिशवी. देगलूरच्याच शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. पाणी पिते, कूलरसमोरची खुर्ची घेते, पडद्याकडं बघते.

“हे काय? घर?”

“हाव अक्का. हे लाल मनजे गॅरेज. पिवळं हाय ते पाडायचं. कोठा.”

अप्पा तिच्याकडं अंदाज घेत बघतात. कोठ्याबद्दल ती काय म्हणेल याची त्यांना धाकधूक असावी.

“पाडा की. उंदरांशिवाय काय हाय त्यात?”

अप्पा सैल होतात. स्टॅम्प पुढं सरकवतात, पेन उघडून देतात. “इथं सही कर. अन् इथं अंगठ्याजवळ.”

अक्का पेन घेत नाही. पिशवीतून चष्मा काढते आणि वाचायला लागते. सावकाश, ओठ हलवत. इंजिनीअर दुसऱ्या फायलीत डोकं घालतो. बोधनचा गृहस्थ अजून बसलेलाच आहे. त्याला आता आपल्या कामाची घाई राहिलेली नाही. पहिलं पान उलटतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिचं बोट थांबतं.

“हे काय लिहिलंय? ‘सदर मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने सोडून देत असून...’”

“ते तसंच लिहितात,” अप्पा म्हणतात. “टाइपवाल्याचा नमुना असतो.”

“नमुना असतो, पण हे हक्कसोड हाय.”

इंजिनीअर डोकं वर काढतो, कागद मागून घेतो, वाचतो. त्याचा चेहरा उतरतो. “मी संमतीपत्र सांगितलं होतं. त्यानं हक्कसोडीचा मसुदा काढलाय. आणि अक्का, हक्कसोड अशी होतही नाही. ती दुय्यम निबंधकाकडं नोंदवावी लागते. हा कागद कशालाच कामाचा नाही.”

चूक टाइपवाल्याची की आणखी कुणाची, ते मला इथं बसून ठरवता येत नाही. अप्पा आधी तापतात, मग टाइपवाल्यावर घसरतात, मग गप्प होतात. त्यांच्या मनात काही नव्हतं असं मला वाटतं. पण आपल्याकडं बहिणींच्या सह्या अशाच घेतल्या जात आल्यात: दिवाळीत, लग्नात, बसस्टँडवर, “इथं कर” म्हणून. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या कमाईच्या मिळकतीत मुलगी वारस असते, हे १९५६ च्या कायद्यातच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क तेव्हा तेलंगणासह असलेल्या आंध्रानं १९८६ मध्ये दिला, कर्नाटक आणि महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, देशभर झाला तो २००५ मध्ये. या तिन्ही राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या बायकांना हे ठाऊक नसतं असं समजणं सोयीचं आहे. अक्काच्या चेहऱ्यावरून तसं दिसत नाही.

ती चिडलेलीही नाही. चष्मा पुसते.

“मला काय नको रे तुझ्या घरातलं. गाडी ठेव, शेड कर, वर मजला चढव. मी आडवी येत नाही. पण बाबांच्या जागी आधी आपली नावं लाव. चौघांची. मग तू मागशील तिथं सही करते.”

“आता नावं लावायची मनजे दोन महिने!”

“लागू दे.”

“मृगात गाडी उघड्यावर राहील.”

“विरघळती का काय ती?”

बोधनचा गृहस्थ हसतो आणि लगेच खोकल्याचं सोंग करतो. इंजिनीअर अप्पांकडं वळून, जरा हळू आवाजात, पण ठामपणे म्हणतो, “अक्का बरोबर बोललालेत. संमतीपत्रावर आज गॅरेज निघंल कदाचित. पण पोराच्या कर्जाला बँक पुन्हा हेच विचारणार. नावं लागली की एकदाच सगळं मोकळं. नकाशा माझ्याकडं तयार हाय, तो कुठं जात नाही.”

अप्पा खिडकीशी जाऊन पोराला फोन लावतात. पलीकडून पोरगा काय म्हणतो ते ऐकू येत नाही, पण अप्पांचं “बरं... बरं... हाव, ती पण तेच मनतीय” एवढं येतं. मग दुसरा फोन वेल्डिंगवाल्याला. तो स्पीकरवर आहे, मागं मशीनचा आवाज.

“काका, अँगल का क्या करूँ?”

“थांब थोडं. दोन महिने.”

“दो महिने? लोहा यहाँ पाँव में आरा. एक हानेगाव का गिराक है, ट्रॅक्टर कू शेड होना बोला. उसकू देदेता. तुमारा नया माप लाव, फिर काटता.”

“त्यानं परवानगी काढली का?”

मशीनच्या आवाजावरून हसू ऐकू येतं. “काका, शेत में है उसका.”

फोन ठेवून अप्पा खुर्चीत बसतात. इंजिनीअर कोरा कागद ओढतो आणि वर ‘वारस नोंद’ लिहून त्याच्याखाली एकेक नाव विचारायला लागतो, वयासकट, पत्त्यासकट. अक्का थोरली, म्हणून पहिलं तिचं. पत्ता सांगताना ती जिल्हा कामारेड्डी असं नीट सांगते, पूर्वी निजामाबाद होता हेही जोडते. मग अप्पा. मग औरादची. मग नांदेडचा.

“आधार सगळ्यांचे. फोटो. शपथपत्र मी सांगतो तसंच टाइप करून घ्या, या वेळी माझ्यासमोर. आणि बाबांच्या मृत्यूचा दाखला. तो काढावा लागंल, अर्ज करा, मिळतो.”

“काढलेला हाय,” अक्का म्हणते आणि पिशवीत हात घालते. प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घातलेले तीन कागद, तिन्हीवर शिक्के.

अप्पा बघत राहतात. “तू घेऊनच आलीस?”

“गेल्या साली आले होते तेव्हा काढून ठेवले. एक तू ठेव. एक औरादला पाठव, तिनं पण मागितलाय.”